कोऱ्या कागदाचे मोल

मुंबई हे कापडगिरण्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध झाले, हे तुम्हांस ठाऊक आहेच. परंतु हेच शहर एके काळी छापखान्यांचेही शहर होते. गिरगाव, काळबादेवी, ठाकूरद्वार या भागांतील कितीतरी गल्ल्यांत सकाळपासून यंत्रांची खडखड चाले आणि ओल्या शाईचा वास दरवळे. पंचांगे, पोथ्या, व्याकरणे, नाटके, मासिके असे नाना प्रकारचे साहित्य येथून छापून महाराष्ट्रभर जात असे. त्या छापखान्यांची कामाची रीत आणि आजच्या कचेऱ्यांतील रीत यांची तुलना केली, तर आपणांस उपयोगी पडेल अशी एक गोष्ट शिकावयास मिळते.

मुंबईतील मराठी छपाईचे एक आद्य पुरुष म्हणजे गणपत कृष्णाजी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम त्यांनी बारकाईने पाहिले, आणि मग स्वतः खटपट करून दगडावरून छापण्याचे यंत्र उभे केले. शाईही त्यांनी स्वतःच तयार केली. १८३१ साली त्यांनी पहिले मराठी पंचांग छापले. त्या काळी छापील पोथीला हात लावण्यास पुष्कळ लोक कचरत असत. कारण शाईत जनावराची चरबी असेल, अशी त्यांना शंका वाटे. म्हणून गणपत कृष्णाजींनी धार्मिक ग्रंथांसाठी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, असे सांगतात. छापलेली वस्तू कशापासून झाली, हा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे, हे यावरून दिसते.

त्यांच्यानंतर जावजी दादाजी यांचे नाव पुढे आले. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर लागले. पुढे १८६४ साली त्यांनी टाइप पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. टाइप म्हणजे धातूचे छोटे खिळे. प्रत्येकाच्या टोकावर एक उलटे अक्षर असे. हे खिळे मुख्यतः शिशाचे असत. त्यांत कथील आणि अँटिमनी हे धातू मिसळलेले असत. जुळारी एकेक खिळा उचलून शब्द जुळवी, शब्दांच्या ओळी करी आणि ओळींचे पान बांधी. पान छापून झाले, की ते मोडून प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात ठेवावा लागे. आज ज्या खिळ्याने एखाद्या व्याकरणातील अक्षर छापले, त्याच खिळ्याने उद्या नाटकातील अक्षर छापावयाचे. झिजून झिजून खिळा निकामी झाला, तरी तो टाकून देत नसत. तो वितळवून नवा खिळा पाडीत.

या रीतीत काटकसर आपोआपच होत होती. एक पान जुळवण्यास तासन् तास लागत. म्हणून ते छापण्यापूर्वी दोनदोनदा तपासले जाई. कागद महाग होता. म्हणून पानाची आखणी विचारपूर्वक केली जाई, आणि कापून उरलेली कातरणही रद्दीत विकली जाई. अर्थात त्या जुन्या रीतीत सारेच चांगले होते, असे नव्हे. शिसे हे विषारी आहे, आणि त्याच्या धुरात व धुळीत काम करणाऱ्यांच्या प्रकृतीस त्यापासून धोका असे. तथापि एक गोष्ट खरी, की त्या काळी श्रमच कागदावर पहारा करीत होते. जे काम कष्टाचे असते, ते मनुष्य विनाकारण करीत नाही.

हा पहारा कसा उठला, ते आता पाहू. अमेरिकेत न्यूयॉर्क येथे चेस्टर कार्लसन नावाचे गृहस्थ एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीस होते. तेथे कागदपत्रांच्या प्रती पुन्हा पुन्हा कराव्या लागत, आणि ते काम मोठे कंटाळवाणे होते. म्हणून प्रती काढण्याची सोपी युक्ती शोधण्याच्या नादास ते लागले. २२ ऑक्टोबर १९३८ या दिवशी त्यांना कोरड्या पद्धतीने पहिली प्रत काढण्यात यश आले. या पद्धतीवर चालणारे, कचेरीत सहज वापरता येईल असे पहिले यंत्र १९५९ साली पुढे आले. ज्याला आपण सरसकट ‘झेरॉक्स’ म्हणतो, ते हेच तंत्र होय.

त्यातील युक्ती समजण्यास कठीण नाही. कोरड्या केसांतून फणी फिरवून ती कागदाच्या कपट्यांजवळ नेली, तर कपटे तिला चिकटतात, हे तुम्ही पाहिले असेल. घर्षणाने फणीवर विद्युत्‌भार येतो, त्याचा हा परिणाम. यंत्रातील एका दंडगोलावर असाच विद्युत्‌भार दिलेला असतो. त्याच्यावर मूळ कागदाचे प्रतिबिंब पाडले, की जेथे उजेड पडतो तेथील भार नाहीसा होतो आणि अक्षरांच्या जागी तो तसाच राहतो. मग तेथे टोनरची पूड चिकटते. टोनर ही पातळ शाई नव्हे. ती काजळी आणि प्लास्टिक यांची अतिशय बारीक पूड असते. ही पूड कागदावर उतरवून तापलेल्या रुळाखालून नेली, की ती वितळून कागदाला घट्ट बसते. कचेरीतील लेझर प्रिंटरही याच तत्त्वावर चालतो. ज्या कामाला जुळाऱ्याचा सबंध दिवस जाई, ते आता क्षणात होते. ही सोय खरोखर थोर आहे. पण श्रम गेले, आणि त्यांच्याबरोबर कागदावरचा पहारेकरीही गेला.

आता गिरगावातून परळ-लालबागकडे या. या भागाला गिरणगाव म्हणत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतरच्या काळात एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. जेथे चात्या आणि माग चालत, त्या जागी आज कितीतरी ठिकाणी उंच काचेच्या इमारती उभ्या आहेत. लोअर परळची कमला मिल हे त्याचे एक उदाहरण. धुराडी गेली, आता येथे संगणक, प्रिंटर आणि वातानुकूलन यंत्रे चालतात. धूर दिसत नाही, म्हणून या कामाचा सृष्टीवर काहीच भार पडत नाही, असे वाटणे साहजिक आहे. परंतु थोडा हिशेब करून पाहू.

कचेरीत वापरल्या जाणाऱ्या ए-फोर आकाराच्या सोळा कागदांचे क्षेत्रफळ मिळून एक चौरस मीटर भरते. नेहमीचा कागद एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा असतो. म्हणजे एका कागदाचे वजन ५ ग्रॅम, आणि ५०० कागदांच्या एका रिमाचे अडीच किलो झाले. आता समजा, एका कचेरीत चाळीस माणसे आहेत, आणि प्रत्येक जण दररोज वीस कागद छापतो. वर्षात कामाचे दिवस अडीचशे धरले, तर त्या कचेरीस वर्षाला दोन लाख कागद, म्हणजे एक टन कागद लागेल! प्रत्येकाने कागदाच्या दोन्ही बाजू वापरल्या, तर यांतील अर्धा टन कागद वाचेल. त्यासाठी कोणाचेही काम अडणार नाही, की कोणाला पै खर्चावी लागणार नाही.

हा एक टन कागद येतो कोठून? चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर येथे बांबू आणि लाकूड यांच्यापासून कागद करणारी मोठी गिरणी उभी राहिली. अशा गिरणीत लाकडाचे बारीक तुकडे करून ते रसायनांत शिजवतात, त्यांचा लगदा धुतात, तो पांढरा करतात, त्याचे पातळ थर पसरतात आणि वाफेच्या उष्णतेने ते वाळवतात. प्रत्येक पायरीला पाणी लागते, इंधन लागते. आणि वापरलेले पाणी नीट शुद्ध केले नाही, तर नदी बिघडते. आपल्या हाती पडणारा कोरा कागद म्हणजे अशा रीतीने अरण्य, पाणी आणि अग्नी या तिघांची देणगी असते.

मग सर्व काही संगणकाच्या पडद्यावरच वाचावे काय? पुष्कळ वेळा ते योग्य ठरते. पण पडदाही फुकट चालत नाही. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज येऊ लागली आणि गिरण्यांना तिचा मोठा आधार झाला. पुढे शहराची गरज वाढली, आणि ट्रॉम्बे येथील केंद्रात इंधन जाळून वीज करावी लागली. कचेरीतील दिवा, संगणक, प्रिंटर यांनी घेतलेली वीज अशी कोठून तरी आलेली असते. लेझर प्रिंटरचा रूळ तापवण्यास बरीच वीज लागते. काम संपल्यावरही यंत्र नुसते जागे ठेवले, तर ते थोडीथोडी वीज घेतच राहते. म्हणून घरी जाताना बटण बंद करणे, ही लहानशी सवय मोलाची आहे.

विजेपेक्षाही मोठा खर्च पुष्कळदा यंत्र तयार करतानाच झालेला असतो. संगणकासाठी खाणींतून तांबे, सोने, कथील असे अनेक धातू काढावे लागतात, आणि ते शुद्ध करण्यास पुष्कळ ऊर्जा लागते. म्हणून तीन वर्षांत टाकून दिलेल्या यंत्रापेक्षा सहा वर्षे चालवलेले यंत्र पृथ्वीला अधिक परवडते. गिरगावाला लागूनच डॉक्टर दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. लोक अजूनही त्याला लॅमिंग्टन रोड म्हणतात. विद्युत्‌यंत्रांचे सुटे भाग आणि त्यांची दुरुस्ती यांसाठी तो रस्ता प्रसिद्ध आहे. बिघडलेला भाग बदलणारा कारागीर झिजलेला खिळा वितळवून नवा पाडणाऱ्या जुन्या कारागिराचाच वारसा चालवीत असतो.

पण यंत्र खरोखरच निकामी झाले, म्हणजे? येथे अत्यंत सावध राहिले पाहिजे. जुन्या पद्धतीच्या फुगीर पडद्यांच्या काचेत शिसे असते. जोडकामात आणि विद्युत्‌घटांत इतरही घातक द्रव्ये असतात. असे सामान कोणाच्याही हाती पडले, तर तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात आणि सोन्याच्या कणांसाठी पट्ट्या आम्लात बुडवल्या जातात. तो विषारी धूर ते काम करणाऱ्या गरीब माणसांच्या आणि जवळ खेळणाऱ्या त्यांच्या मुलांच्या छातीत जातो. शिशामुळे तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस कायमची इजा होऊ शकते. आपल्या कचेरीतील स्वच्छ टेबलाची किंमत दुसऱ्या कोणाच्या मुलाने का द्यावी? म्हणूनच आपल्या देशात ई-कचऱ्याविषयी नियम करण्यात आले आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे यंत्रे तयार करणाऱ्यांवरच जुन्या यंत्रांच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली आहे. प्रिंटर आणि त्याची रिकामी टोनरपेटी यांचाही त्यांत समावेश होतो. असे सामान नोंदणीकृत केंद्राकडेच दिले पाहिजे.

कागदाच्या रद्दीचे मात्र तसे नाही. चाळीत दारोदार येणारा रद्दीवाला हा या शहराचा जुना मित्र आहे. रद्दीचा पुन्हा लगदा करून नवा कागद करता येतो. परंतु प्रत्येक वेळी कागदातील धागे आखूड होत जातात. म्हणून हे चक्र पाच-सात फेऱ्यांपलीकडे सहसा चालत नाही. तेलाने माखलेला किंवा उष्ट्याने भिजलेला कागद तर रद्दीतही बाद होतो. तेव्हा सुका कागद ओल्या कचऱ्यापासून वेगळा ठेवणे, हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. तरीही हे ध्यानात असू द्या, की रद्दीत घालून वाचवलेल्या कागदापेक्षा मुळात न वापरलेला कागद केव्हाही श्रेष्ठ.

सारांश असा, की छापण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे छापण्याची खरोखर गरज आहे काय? असल्यास ते दोन्ही बाजूंनी छापता येईल काय? आणि छापण्याआधी मी ते नीट तपासले आहे काय? जुना जुळारी हे प्रश्न निराळे विचारीत नसे. त्याचे श्रमच ते विचारीत. आज ते काम आपल्या विवेकाने केले पाहिजे.

कागद वापरूच नये, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा दादरच्या नायगाव भागात मोठा संग्रह आहे. शंभर वर्षांपूर्वी छापलेली पुस्तके तेथे आजही वाचकाच्या हाती येतात. कितीतरी पिढ्यांनी त्यांची पाने उलटली असतील! त्या कागदासाठी जे काही खर्ची पडले, ते पुरेपूर सार्थकी लागले. याउलट, एका बाजूला चार ओळी छापून सायंकाळी टोपलीत गेलेला कागद पाहा. दोन्ही कागद सारख्याच कष्टाने तयार झालेले असतात. त्यांच्या वाट्याला कोणते भाग्य यावे, हे मात्र आपल्या हाती आहे.

स्वाध्याय

१. जुन्या छापखान्यात ‘श्रमच कागदावर पहारा करीत होते’, असे लेखात का म्हटले आहे?

२. टोनर कागदावर कसा चिकटतो, ते फणीच्या उदाहरणाच्या आधारे सांगा.

३. तुमच्या वर्गात आठवड्याला किती कोरे किंवा अर्धवट लिहिलेले कागद टाकले जातात, ते मोजा. एका कागदाचे वजन ५ ग्रॅम धरून चाळीस आठवड्यांचा हिशेब करा.

४. ‘आपल्या कचेरीतील स्वच्छ टेबलाची किंमत दुसऱ्या कोणाच्या मुलाने का द्यावी?’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.