आजोबांचे पिस्तूल : झाडावे की जपावे?

मोहगाव, सौसर, पांढुर्णा या आपल्या भागात जुन्या मालगुजारी घरांत एखादे शस्त्र असणे ही नवलाची गोष्ट नाही. कुठे ठासणीची बंदूक आहे, कुठे विलायती दुनळी, तर कुठे कातडी म्यानात ठेवलेले पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीलाही आळा बसला. तेव्हापासून या शस्त्रांना दसऱ्याच्या पूजेखेरीज फारसे काम उरले नाही. आता तिसऱ्या-चौथ्या पिढीत वाटण्या होताना ती पेटीतून बाहेर निघतात आणि घरात दोन मते पडतात. एकजण म्हणतो, "एकदा उडवून तर पाहू, चालते की नाही!" दुसरा म्हणतो, "हात लावू नका, आजोबांची आठवण आहे."

सभासद कुटुंबांना हा निर्णय नीट विचार करून घेता यावा, म्हणून ही माहिती देत आहोत. झाडावे की जपावे हा प्रश्न शेवटचा आहे. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत.

पहिला प्रश्न : ते भरलेले तर नाही ना?

जुने शस्त्र रिकामेच असणार असे कधीही धरून चालू नये. ठासणीच्या बंदुकीत बारूद आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजाने ठासतात. भरलेली बंदूक न झाडता खुंटीला टांगली आणि तशीच राहिली, असे सहज घडू शकते. काळी बारूद कोरडी राहिली तर कितीतरी वर्षांनीही पेट घेते. मागून उघडणाऱ्या शस्त्रात काडतूस डोळ्यांना दिसते, ठासणीच्या बंदुकीत दिसत नाही. नळीत गज किती खोल जातो आणि बाहेरून नळीची लांबी किती आहे, यांत फरक आढळला तर आत काहीतरी आहे असे समजावे. ही तपासणी घरी करू नये. परवानाधारक बंदूक कारागिराकडून किंवा पोलिसांच्या सल्ल्याने करून घ्यावी.

तोवर घोडा चढवून पाहू नये, चाप ओढून पाहू नये आणि मुलांच्या हाती शस्त्र देऊ नये. पेटीत जुनी काडतुसे असतील तर तीही ठोकू, उघडू किंवा चुलीजवळ ठेवू नयेत.

दुसरा प्रश्न : कायद्याने ते आपले आहे का?

शस्त्र वडिलोपार्जित असले म्हणून ते आपोआप वारसाचे होत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना व्यक्तीच्या नावावर असतो. परवानाधारक वारला की वारसाने विनाविलंब ते शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. जमा केले म्हणजे ते गेले, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. कायद्याच्या कलम २१ नुसार वारसाने आपल्या नावाचा परवाना मिळवला की शस्त्र परत घेता येते, किंवा ते रीतसर विकता येते. मुदतीत काहीच हालचाल केली नाही, तर मात्र ते सरकारजमा होऊ शकते.

२०१६ च्या शस्त्र नियमांत आणखी एक सोय आहे. परवानाधारकाचे वय ७० झाले असेल किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे असेल, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचे लेखी द्यावे लागते. म्हणून भावंडांनी, आत्या-काकांनी आधी एकत्र बसून ठरवलेले बरे. घरातली वडील माणसे असतानाच हे काम उरकावे.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. वारसाने आलेली शस्त्रेही यात मोजली जातात. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. विनापरवाना साधे अग्निशस्त्र बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैदेची तरतूद आहे. .३०३ किंवा ९ मिलिमीटरसारख्या प्रतिबंधित बोअरच्या शस्त्राला नियम याहून कडक आहेत.

फार जुन्या शस्त्रांसाठी थोडी सूट आहे. जे शस्त्र कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा मोडके आहे आणि दुरुस्त करूनही झाडता येणार नाही, त्याला शस्त्र कायदा लागू होत नाही. फेब्रुवारी २०२० च्या नियमदुरुस्तीने 'क्युरिओ' गटातील लहान शस्त्रे परवान्याशिवाय जवळ ठेवण्याची मुभा भारतीय नागरिकांना दिली. पण ती वापरायला, बाळगून फिरायला किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायला परवाना लागतोच आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय त्यांच्यासाठी काडतुसेही मिळत नाहीत. म्हणजे अशा शस्त्राबाबत कायद्याने ठेवणे आणि झाडणे वेगळे केले आहे. आपले शस्त्र या गटात बसते की नाही, हे मात्र घरबसल्या ठरवू नये. कलेक्टर कार्यालयाकडून तसे लेखी घ्यावे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यामुळे जुन्या परवान्यांवर छिंदवाड्याचा शिक्का आहे. आपली फाईल आता कोणत्या कार्यालयात आहे, याची खात्री करून घ्यावी. नागपूर आपल्याला जवळ असले तरी मधे राज्याची सीमा आहे. परवाना किती क्षेत्रापुरता आहे हे वाचल्याशिवाय शस्त्र दाखवायला किंवा दुरुस्तीला तिकडे नेऊ नये.

तिसरा प्रश्न : ते नेमके काय आहे?

बनावट, बोअर, क्रमांक आणि चाचणीचे शिक्के या चार गोष्टी वाचल्याशिवाय शस्त्राची किंमत कळत नाही आणि धोकाही कळत नाही. इंग्लंडमध्ये बनलेल्या शस्त्रांवर बहुधा लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के असतात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ पासूनचे आहे. तिथल्या अनेक शस्त्रांवर मुकुटाखाली 'एन पी' ही अक्षरे दिसतात. ते शस्त्र धूरविरहित बारुदीसाठी तपासले होते, असा त्यांचा अर्थ. 'बी पी' असेल तर ते काळ्या बारुदीपुरतेच तपासलेले आहे. काळ्या बारुदीच्या काळातील नळीत आजचे काडतूस घातले, तर दाब सहन न होऊन नळी फुटू शकते. दमास्कस नळीचे, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून सांधलेल्या नळीचे, विशेष सांभाळावे. ती बाहेरून सुंदर दिसते, पण सांध्यांत आतून गंज चढलेला असू शकतो. शिक्का त्या दिवशीची ताकद सांगतो, शंभर वर्षांनंतरची नाही.

काडतूस आत बसते म्हणजे ते त्याच शस्त्राचे आहे, असेही नाही. याचा धडा अमेरिकेत मिळाला. ब्रिटिश लष्करातील .४५५ बोअरची वेब्ली रिव्हॉल्व्हर तिथे मोठ्या संख्येने विकली गेली. तिची काडतुसे सहज मिळत नव्हती, म्हणून चक्राची मागची बाजू घासून त्यांत .४५ एसीपी काडतुसे बसवली गेली. ती बसली, झाडलीही गेली. पण त्या काडतुसांचा दाब वेब्लीला पेलण्यापेक्षा जास्त होता. आज संग्राहक न घासलेल्या अस्सल वेब्लीला जास्त किंमत देतात. झाडण्याच्या सोयीसाठी केलेल्या त्या बदलाने सुरक्षितता गेली आणि मोलही घटले.

क्रमांकाखाली दडलेला इतिहास

याच्या उलट उदाहरण आपल्याच मध्य प्रदेशात घडले. इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण केंद्रात जुन्या शस्त्रांचे संग्रहालय आहे. पंजाबमधील फिल्लौर येथून आलेली काही शस्त्रे तिथे अनेक वर्षे पडून होती. गंज चढू नये म्हणून त्यांना काळा रंग दिला होता. २०१६ च्या सुमारास शोध सुरू झाला. रंग खरवडल्यावर एका .३२ बोअरच्या कोल्ट पिस्तुलावर १६८८९६ हा क्रमांक दिसला. लाहोर खटल्याच्या कागदांत तोच क्रमांक नोंदलेला होता. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला झालेल्या साँडर्सवधाच्या वेळी भगतसिंगांकडे असलेले ते पिस्तूल होते. त्या दिवशी त्यांच्यासोबत आपले खेडचे शिवराम राजगुरू होते. हे पिस्तूल पुढे पंजाबमधील हुसैनीवाला येथील संग्रहालयात गेले.

या गोष्टीत पिस्तूल चालते की नाही, याला काहीच महत्त्व नव्हते. क्रमांक शाबूत होता आणि कागद टिकले होते, म्हणून ते ओळखता आले. कोणी मशीनवर घासून ते चकचकीत केले असते, सुटे भाग बदलले असते किंवा भंगारात काढले असते, तर हा पुरावा कायमचा गेला असता.

आपल्या घरचे शस्त्र इतके प्रसिद्ध नसेल. पण परवान्याचे जुने पुस्तक, खरेदीची पावती, शिकारीचा एखादा फोटो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत यांनीच त्याला अर्थ येतो. आजी-आजोबा सांगू शकतात तोवर ते मोबाईलवर नोंदवून ठेवावे.

मग झाडावे कोणते?

ज्या शस्त्राचा परवाना अखंड चालू आहे, जे सर्रास मिळणाऱ्या बनावटीचे आहे आणि ज्याची ताजी काडतुसे परवान्यावर मिळतात, ते झाडण्यात संग्रहाचे नुकसान नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्यातील .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा देशी बनावटीची बारा बोअरची दुनळी या गटात येते. तरीही आधी परवानाधारक कारागिराची तपासणी करून घ्यावी, जुनी काडतुसे वापरू नयेत आणि मान्यताप्राप्त शूटिंग रेंजवरच झाडावे. लग्नाच्या वरातीत, दसऱ्याला किंवा पोळ्याला हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

जपावे कोणते? ज्याचा मूळ रंग आणि मुलामा टिकून आहे, ज्याच्या सर्व भागांवर एकच क्रमांक आहे, ज्याची काडतुसे आता बनत नाहीत, जे काळ्या बारुदीच्या काळातले आहे किंवा ज्याच्यामागे घराण्याची नोंदलेली हकीकत आहे, ते सर्व जपावे. अशा पिस्तुलाची शंभर वर्षांची स्प्रिंग किंवा घोडा एका झाडण्यात तुटला तर तसा भाग पुन्हा मिळत नाही. दुसरा लावला की ते मूळचे राहत नाही. शंका असेल तरी जपण्याच्या बाजूनेच निर्णय घ्यावा. आज झाडले नाही तर पुढची पिढी हवे तर झाडू शकेल, पण आज तुटलेले तिला जोडता येणार नाही.

जपायचे कसे?

- कातडी म्यानात किंवा लोकरीत गुंडाळून ठेवू नये. त्यात ओल धरते आणि कातड्यातील आम्लाने धातू खातो. म्यान वेगळे, शस्त्र वेगळे ठेवावे.
- घामाच्या हाताने धातूला लागलेला डाग गंजात बदलतो. सुती हातमोजे घालावेत.
- चिंच, राख, पॉलिश पेपर, पितळेची पावडर यांपैकी काहीही वापरू नये. मऊ कापडाने बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात पुरे. लाकडाला तेल लागू देऊ नये.
- श्रावण-भाद्रपदात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा पाहावे.
- दुरुस्ती, वेल्डिंग, नळी कापणे यांतले काहीही गावच्या लोहाराकडून करू नये. त्यालाही परवाना लागतो.
- शस्त्र कुलुपात ठेवावे, काडतुसे वेगळ्या कुलुपात. शस्त्रपूजनाचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत. घरात काय आहे हे चोरालाही कळते.

घरात कोणालाच परवाना घ्यायचा नसेल, तर रीतसर विक्री करता येते किंवा संग्रहालयाला विचारता येते. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपल्या सर्वांचा अजब बंगला, १८६३ पासून आहे आणि तिथे शस्त्रांचे दालनही आहे. द्यायचे झाल्यास कागद आणि घराण्याची हकीकतही सोबत द्यावी. परदेशी असलेल्या मुला-नातवंडांसाठी एक सूचना : शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आठवण म्हणून न्यायचीच असेल तर फोटो न्यावा, आणि परवान्याच्या जुन्या पुस्तकाची प्रत.