मटणाची लाली आणि दिव्याचे गुण

काचेच्या कपाटातले मटण किंवा टोमॅटो किती ताजे दिसतात, हे मालाइतकेच वर लावलेल्या दिव्यावरही अवलंबून असते, कारण वस्तू आपल्यावर पडलेल्या प्रकाशातलाच काही भाग परत पाठवते आणि दिव्यात गडद लाल किरणे कमी असतील तर लाल वस्तू मळकट दिसते. दिव्याची ही कुवत मोजण्यासाठी सीआयई हा आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोग सीआरआय, म्हणजे रंगदर्शन निर्देशांक, वापरतो. त्याची प्रचलित पद्धत १९७४ची आहे. तीत दिव्याचा वर्णपट मोजून त्याच रंगतापमानाच्या आदर्श प्रकाशाशी त्याची तुलना करतात. हा आदर्श ५००० केल्विनच्या खाली तापून प्रकाशणाऱ्या कृष्णवस्तूचा आणि त्यावर दिवसाच्या उजेडाचा धरतात. ठरावीक रंगनमुने दोन्ही प्रकाशांत कसे दिसतील याचे गणित मांडून, जितका फरक तितके गुण १०० मधून वजा होतात.

अडचण अशी की दिव्याच्या खोक्यावर छापलेला आकडा पहिल्या ८ नमुन्यांची सरासरी असतो आणि ते आठही रंग फिकट असतात. गडद लाल हा नववा नमुना सरासरीत धरलाच जात नाही, जणू अवघड विषय वगळून काढलेली टक्केवारी. साधा पांढरा एलईडी निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फर चढवून बनवलेला असल्याने त्यात गडद लाल कमी पडतो, आणि एकूण ८० गुण मिळवणाऱ्या अशा दिव्याचे आर-९ हे लालाचे गुण शून्याच्या आसपास, कधी शून्याखालीही असतात. खाटकाच्या दुकानासाठी खरा महत्त्वाचा आकडा तोच.

अमेरिकेतील प्रकाश अभियांत्रिकी संस्थेने २०१५ मध्ये आणलेल्या टीएम-३० पद्धतीत ९९ नमुने असून निकाल दोन आकड्यांत मिळतो: आर-एफ रंग कितपत खरा दिसतो ते सांगतो, तर आर-जी रंग एकंदरीत फिके पडले (१०० पेक्षा कमी) की भडक झाले (१०० पेक्षा जास्त) ते सांगतो. हा भेद मांसाच्या बाबतीत मोलाचा आहे. कापलेल्या मांसातले मायोग्लोबिन हवा लागताच लालभडक होते आणि पुढे तपकिरी पडत जाते. गुलाबी छटेचा दिवा नेमका हा तपकिरीपणा झाकतो, माल शिळा असला तरी. चीनने १ डिसेंबर २०२३ पासून शेतमाल व मांसाचा खरा रंग ठळकपणे बदलून ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या दिव्यांना मनाई केली आहे. असे बंधन मोजून तपासायचे, तर आर-एफ आणि आर-जी दोन्ही पाहावे लागतात. एकट्या सीआरआयवर भागत नाही.