एकच रस, दोन कांबी
(नभोवाणीवरील भाषण)

माझा एक जुना विद्यार्थी ओतकामाचा लहानसा कारखाना चालवितो. मध्यंतरीं तो अॅल्युमिनियमच्या दोन कांबी घेऊन माझ्या घरीं आला, तो रागानें लाल होऊन. "गुरुजी, व्यापाऱ्यानें मला फसविलें. ही कांब हातोड्याच्या एका घावासरशी काडीसारखी तुटली. वीस वर्षांचा व्यवहार, पण आतां त्या माणसाचें तोंड पाहणार नाहीं!" दुसरी कांब वाकली होती, तुटली मात्र नव्हती. ती कोणत्या मालाची, असें मीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "त्याच मुशींतली. पहिली वाळूच्या साच्यांत ओतली, ही लोखंडाच्या." मीं म्हटलें, "अरे, मग व्यापाऱ्याचा काय अपराध? एकाच मुशींतला रस एका साच्यांत लबाड आणि दुसऱ्यांत प्रामाणिक कसा होईल?"

त्या दिवशीं त्यास जें सांगितलें, तेंच आज आपणांपुढें मांडतों.

प्रथम डाख देण्याचें साधें उदाहरण घेऊं. शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडवर वितळतें, कथील २३२ अंशांवर. परंतु वजनानें सुमारें ६२ भाग कथील आणि ३८ भाग शिसें एकत्र केलें, तर तें मिश्रण अवघ्या १८३ अंशांवर वितळतें. दोघांपैकीं कोणीही एकटा इतक्या लवकर पाघळत नाहीं. शिवाय इतर प्रमाणांतील मिश्रणें निवतांना कांहीं काळ लापशीसारखीं राहतात. हें मात्र एकाच उष्णमानावर सबंध गोठतें. अशा मिश्रणास इंग्रज पदार्थवैज्ञानिक फ्रेडरिक गथ्री यानें १८८४ सालीं 'यूटेक्टिक' हें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'सहज वितळणारें' असा आहे.

आतां हा रस गोठतांना काय होतें तें पहा. रसांत दोन्ही धातु एकजीव असतात. घनरूपांत मात्र त्यांचें फारसें जमत नाहीं. म्हणून गोठण्याच्या सीमेवर शिशाचे अणु शिशाकडे व कथलाचे कथलाकडे सरकूं लागतात, आणि एकाआड एक असे दोहोंचे पातळ पापुद्रे तयार होतात. त्यांचीं घरें सूक्ष्मदर्शकांतून स्पष्ट दिसतात.

हे पापुद्रे जाड होणार कीं पातळ, हें निवण्याच्या वेगावर अवलंबून असतें. सावकाश निवल्यास अणूंना दूरवर सरकण्यास अवधि मिळतो व पापुद्रे जाड होतात. त्वरेनें निवल्यास अवधि थोडा, म्हणून जवळच्या जवळच वांटणी उरकावी लागते व पापुद्रे बारीक होतात. मात्र पापुद्रे जितके बारीक, तितक्या त्यांच्यामधल्या सीमा अधिक. आणि प्रत्येक सीमा निर्माण करण्यास शक्ति खर्च होते. या दोहोंच्या ओढाताणींतून अंतर ठरतें. १९६६ सालीं जॅक्सन व हंट यांनीं त्याचें गणित मांडलें. त्याचें सार असें कीं, गोठण्याचा वेग चौपट झाला तर पापुद्र्यांतील अंतर निम्में होतें.

बारीकपणानें बळ कां वाढतें? धातु वाकते तेव्हां तिच्या स्फटिकांतील थर एकमेकांवरून घसरतात. प्रत्येक सीमा ही त्या घसरणीस बांध घालते. शेतांत बांध जवळजवळ असले म्हणजे पाणी धांवत नाहीं, तसेंच हें.

आतां आमच्या कांबीकडे वळूं. तिच्यांत अॅल्युमिनियम व सिलिकॉन यांचें मिश्रण होतें. अॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें, सिलिकॉन १४१४ अंशांवर. परंतु सिलिकॉन शेंकडा साडेबाराच्या सुमारास असतां मिश्रण ५७७ अंशांवरच वितळतें. येथें सिलिकॉन कांचेप्रमाणें ठिसूळ. वाळू उष्णता सावकाश सोडते. म्हणून तींत सिलिकॉनचे मोठाले, टोंकदार पत्रे वाढतात. घाव बसतांच भेग त्या पत्र्यांवरून धांवत सुटते. तुटलेल्या तोंडावर चकचकीत कण दिसत होते, ते त्याचीच साक्ष. लोखंडी साच्यानें उष्णता चटकन ओढून घेतली, सिलिकॉन बारीक विखुरला, आणि भेगेस सरळ वाट उरली नाहीं.

"पण गुरुजी, माझीं कामें मोठीं. वाळूवांचून चालत नाहीं," तो म्हणाला. त्यावरही उपाय आहे. अलादार पाच या रसायनज्ञास १९२१ सालीं अमेरिकेंत एक पेटंट मिळालें. या मिश्रणाच्या रसांत सोडियमचा अगदीं अल्प अंश गेला, तर सिलिकॉन पत्र्यांऐवजीं पोंवळ्याच्या फांद्यांसारख्या बारीक तंतूंनीं वाढतो, आणि वाळूंतील ओतीवही चिवट निघतें. सोडियम रसांतून लवकर उडून जातो. म्हणून पुष्कळ ठिकाणीं अधिक टिकणारा स्ट्राँशियम वापरतात.

एक इशारा मात्र अवश्य दिला पाहिजे. केवळ घाई म्हणजे गुण नव्हे. जाड ओतीवाची बाहेरची बाजू आधीं गोठली आणि आंत रस पुरविण्याची सोय नसली, तर आकुंचनामुळें पोटांत पोकळी राहते. डाख गोठत असतां तार हालली, तर सांधा निस्तेज व कच्चा राहतो. हा अनुभव तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकास असेल. निवणें त्वरित हवें, तसेंच तें स्थिर आणि योग्य दिशेनें व्हावयास हवें.

विद्यार्थी कांबी उचलून निघाला. "आतां कोठें?" मीं विचारलें. "आधीं व्यापाऱ्याकडे, गुरुजी. काल नाहीं नाहीं तें बोललों आहें." दोन महिन्यांनीं तो पुन्हां आला, तेव्हां त्याच्या हातांत वाळूंत ओतलेली एक नवी कांब होती, आणि ती वाकली होती.

चाळीस वर्षें मुलें शिकविलीं. पुष्कळदां आम्हीही मालास दोष देऊन मोकळे झालों. साचा कोणता होता, हें पाहावयाचें राहूनच गेलें.