हप्ता जातो उद्याच्या मिळकतीतून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गृहकर्ज घेताना बहुतेक जण तसं करतातही. पगार किती, घरखर्च किती, हप्ता किती झेपेल, याचा हिशेब कागदावर मांडतात. पण हे अंथरूणच वर्षभरात लहान होणार असेल तर? आज त्याविषयीच बोलायचं आहे.

बँकेच्या कर्ज विभागात मी बरीच वर्षं काढली. टेबलासमोर बसलेल्या पुष्कळ अर्जदारांची मिळकत लवकरच बदलणार असायची. कुणी निवृत्तीला आलेले, कुणाच्या घरी पाळणा हलणार, तर कुणी नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढण्याच्या बेतात. अशांना शेजारीपाजारी एक सल्ला हमखास देतात : "पगारपत्रक हातात आहे तोवर कर्ज उरकून घ्या. नंतर बँक दारात उभं करणार नाही."

सल्ला व्यवहारी वाटतो. त्यात थोडं तथ्यही आहे. नोकरदाराकडून बँक साधारणपणे मागच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं, सहा महिन्यांचा खातेउतारा आणि दोन वर्षांची करकपातीची प्रमाणपत्रं मागते. हे सगळे कागद होऊन गेलेल्या काळाचे. हप्ता मात्र भरायचा असतो पुढची वीस वर्षं. मंजुरी कालच्या पगारावर मिळते आणि फेड उद्याच्या पगारातून होते. या दोहोंत तफावत पडणार असेल, तर ती पहिल्यांदा तुम्हालाच कळते.

आता एक हिशेब करू. समजा, नवरा-बायको दोघेही नोकरी करतात. त्याच्या हाती ६० हजार येतात, तिच्या हाती ४० हजार. हातात येणाऱ्या रकमेच्या ४० ते ५० टक्के हप्ता, असा ढोबळ ठोकताळा बँका लावतात. साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी ४५ लाखांचं कर्ज घेतलं, तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे ३९ हजार. एक लाखाच्या मिळकतीत तो सहज बसतो. पण वर्षभरात बाळ येणार आहे. कायद्यानं पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू शकते. त्यानंतर तिनं दोन वर्षं घरी राहायचं ठरवलं, तर ६० हजारांतून ३९ हजार गेल्यावर उरतात २१ हजार. त्यात किराणा, दूध, डॉक्टर, वीजबिल आणि सोसायटीचा खर्च. तेच कर्ज ३० लाखांचं असेल, तर हप्ता येतो २६ हजार आणि घरखर्चाला ३४ हजार राहतात. ओढाताण होईल, पण घर चालेल. म्हणून माझं पहिलं सांगणं : येऊ घातलेल्या सर्वांत कमी मिळकतीवर हप्ता बेता.

निवृत्ती जवळ आलेल्यांची अडचण वेगळी. नोकरदाराचं कर्ज निवृत्तीच्या वयापर्यंत फिटावं, असा बँकांचा सर्वसाधारण आग्रह असतो. वीस लाखांचा हप्ता वीस वर्षांच्या मुदतीत १७,४०० रुपयांच्या आसपास येतो. नोकरीची आठच वर्षं उरली असतील, तर तोच जवळपास २८,८०० होतो. अशा वेळी कमावत्या मुलाला किंवा मुलीला सहकर्जदार करतात. त्यानं मुदत वाढू शकते. मात्र सहकर्जदार म्हणजे नुसता सहीचा धनी नव्हे. संपूर्ण कर्जाची जबाबदारी त्याच्यावरही येते, आणि उद्या त्याला स्वतःसाठी घर घ्यायचं झालं, तर हे कर्ज त्याच्या हिशेबात धरलं जातं. मुलांना हे आधी समजावून सांगा.

नोकरी सोडून धंद्यात पडणाऱ्यांकडे बँक पुढे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं आणि ताळेबंद मागते. त्यामुळे नोकरीत असतानाच कर्ज घ्यावं, असा मोह होतो. पण नवा धंदा आणि नवं कर्ज ही दोन जुळी बाळं एकाच वेळी सांभाळणं कठीण. निदान वर्षभराचे हप्ते वेगळे ठेवल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

तुम्ही विचाराल, हा बदल बँकेला सांगायचा का? जरूर सांगायचा. अर्जावर तुम्ही माहिती खरी असल्याची सही करता. मंजुरीपत्राला मुदत असते, आणि परिस्थिती बदलल्यास कळवावं, अशी अट त्यात बहुधा असते. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तर पैसे टप्प्याटप्प्यानं मिळतात. मधल्याच टप्प्यावर नोकरी गेल्याचं बँकेला कळलं आणि तिनं हात आखडता घेतला, तर बिल्डरला दिलेले पैसे अडकतात. याउलट, नव्या नोकरीचं नेमणूकपत्र हाती असेल, तर तेही दाखवा. काही बँका पहिल्या पगारापर्यंत किंवा नोकरीत कायम होईपर्यंत थांबायला सांगतात. थांबावं. दोन-तीन महिन्यांनी फारसं बिघडत नाही.

मिळकत वाढण्याची आशा असेल, तरी त्या आशेवर मोठा हप्ता घेऊ नका. मुदत लांब ठेवा, हप्ता हलका ठेवा, आणि हाती पैसा आला की मुदलात भरा. घरासाठी घेतलेलं बदलत्या व्याजदराचं कर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासूनचा नियम आहे.

आणि सगळं करूनही मिळकत घटलीच तर? पहिला हप्ता चुकण्याआधी शाखेत जा आणि मुदत वाढवून मागा. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की कर्ज अनुत्पादक ठरतं. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन बँक घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. त्या टप्प्यावर बोलणी करण्यापेक्षा आधी बोललेलं केव्हाही बरं.

शेवटी घरच्या घरी करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. अर्ज करण्याआधी सहा महिने, मिळकत आजच घटली आहे असं समजून राहा. कमी होणारी रक्कम बाजूला काढा आणि उरलेल्यातून होणाऱ्या हप्त्याएवढे पैसे दरमहा आवर्ती ठेवीत भरा. जमलं, तर घर तुमच्या आवाक्यातलं आहे, आणि सहा हप्त्यांची शिल्लकही गाठीला आली. नाही जमलं, तर एक खोली कमी असलेलं घर बघा. घरात राहायला जाणाऱ्या माणसांना रात्री शांत झोपही लागली पाहिजे.