पेटीतली दीपमाळ

गेमिंग कॉम्प्युटरच्या काचेच्या पेटीतली रोषणाई म्हणजे पोरखेळ, असे पुष्कळांना वाटते. चिरंजीवांबरोबर ती जोडायला बसलो, तेव्हा मला तिच्यातले शास्त्र कळले.

मदरबोर्डवर दिव्यांसाठी दोन प्रकारच्या जागा असतात. चार पिनांची १२ व्होल्टची. तीवर सारी माळ एकाच रंगात उजळते. तीन पिनांची ५ व्होल्टची. तीवर प्रत्येक दिवा आपला निराळा रंग धरतो. पाचाची माळ बाराला जोडली, की दिवे जळालेच म्हणून समजा! तेव्हा वीज बंद ठेवून आधी पिना मोजाव्यात.

या दुसऱ्या माळेची मौज पाहा. एकाच तारेतून हुकूम येतात. पहिला दिवा आपल्या वाट्याचे २४ बिट ठेवून घेतो आणि उरलेले पुढच्याकडे धाडतो. पंगतीत आपले वाढून घेऊन भांडे पुढे सरकवावे, तसे!

पंखे एका कंपनीचे, माळ दुसरीची असली, की प्रत्येकीचे सॉफ्टवेअर आपलाच ताल धरते. दोघांनी एकाच दिव्यावर हुकूम चालवला, की ताल बिघडलाच. म्हणून कारभार एकाच्याच हाती द्यावा. विंडोज ११ मध्ये २०२३ साली आलेली ‘डायनॅमिक लायटिंग’ची सोय याचसाठी आहे, मात्र आपली उपकरणे तिला मानणारी आहेत ना, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

दिवे अनेक असोत. सूत्रधार एकच हवा!