पहिल्या दिवशी हातभर

स्थिर वस्तूला दर सेकंदाला ०.०००००००००१२ मीटर प्रतिसेकंद एवढाच वेग वाढवून देत राहिलं, तर पहिल्या तासात ती पाऊण मिलिमीटर सरकेल. दिवसभरात जेमतेम हातभर. ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला ७,३०० वर्षं. म्हणजे हडप्पाची नगरं वसायच्या कितीतरी आधी निघालेली गाडी आज कुठे हायवेच्या वेगाला आली असती! पृथ्वीचं गुरुत्व या त्वरणाच्या ८,००० कोटी पट आहे.

दीर्घिकांचा घोळ सुरू होतो तो नेमका या आकड्याच्या आसपास.

सूर्यमालेत हिशेब चोख आहे. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, दूरचा नेपच्यून साडेपाचच्या आत. दीर्घिकेच्या कडेचे तारेही असेच रेंगाळायला हवेत. पण १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतले वेग मोजले, तर बाहेरच्या बाजूला ते अपेक्षेइतके उतरतच नव्हते. पुढे दीर्घिकेमागून दीर्घिका तशीच निघाली. बहुतेकांनी न दिसणारं कृष्णद्रव्य मानलं. आजच्या हिशेबात ते साध्या द्रव्याच्या पाचपट भरतं.

इस्रायलच्या मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये वेगळंच सुचवलं: त्वरण या आकड्याखाली गेलं की गुरुत्वाचा नियमच बदलतो. आपला सूर्यही या उंबरठ्यापासून फार लांब नाही. आकाशगंगेच्या केंद्राकडे त्याचं त्वरण या आकड्याच्या जेमतेम दुप्पट आहे.

आता प्रकाशाच्या वेगाला विश्वाच्या वयाने, म्हणजे १,३८० कोटी वर्षांनी भागा. उत्तर येतं मिलग्रोम यांच्या आकड्याच्या सहापटीच्या आत. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून विश्वाचं प्रसरण वेग घेत असल्याचं कळलं. त्यामागच्या कृष्ण ऊर्जेवरून असंच त्वरण काढलं, तर ते साडेचार पट भरतं. कुठे ताऱ्यांच्या फेऱ्या, कुठे अख्ख्या विश्वाचं फुगणं! हा निव्वळ योगायोग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण दीर्घिकांच्या समूहांत मिलग्रोम यांचं सूत्र लावूनही द्रव्य अपुरंच पडतं, हेही खरं.

कसोटी जुन्या, म्हणजेच फार दूरच्या दीर्घिकांत आहे. हा आकडा विश्वाच्या वयाशी बांधलेला असेल, तर तिथे तो मोठा निघायला हवा. न बदलणाऱ्या कृष्ण ऊर्जेशी असेल, तर तिथेही हाच.