सुकाणूवर कोणी नसताना

एकट्याने महासागर ओलांडणारा माणूस म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सुकाणू घट्ट धरून लाटांशी झुंजणारा वीर उभा राहतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळ सुकाणूवर नसतोच. तो झोपलेला असतो, भात शिजवत असतो, घासलेल्या दोराचे टोक शिवत असतो, ओले कपडे पिळत असतो, नाहीतर नकाशावर पेन्सिलीने दुपारची जागा मांडत असतो. दोन-तीन महिने रात्रंदिवस सुकाणू धरून बसणे कोणाही एका माणसाला शक्य नाही. म्हणून या कामाचे मर्म वेगळेच आहे. आपल्यावाचून तिचे अडू नये अशी होडी तयार करायची, आणि मग तिच्यावर भरवसा ठेवायचा.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम याने हे सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून दिले. १८९५ ते १८९८ या काळात तो ‘स्प्रे’ या ३७ फुटी होडीतून जगभर फिरला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळच्या थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातल्या कोकोस (कीलिंग) बेटांपर्यंतचे सुमारे २,७०० मैलांचे अंतर त्याने २३ दिवसांत कापले. या २३ दिवसांत तो सुकाणूवर होता सगळे मिळून जेमतेम तीन तास. उरलेला सगळा वेळ सुकाणूचे चाक बांधलेले होते. शिडे अशा बेताने लावली होती की होडी आपली वाट सोडत नव्हती.

हे कसे साधते ते मी माझ्या होडीवर शिकले. मुंबई ते गोवा या किनाऱ्यावर मी २२ फुटी शिडाच्या होडीतून एकटीने फिरते. महासागर मी ओलांडलेला नाही, पण एकट्याने होडी चालवण्याच्या कामाची बाराखडी दोन्हीकडे एकच. दिवाळीनंतर समुद्र निवळला की दुपारी वायव्येचा वारा धरून दक्षिणेला निघायचे, आणि रात्री जमिनीवरून मतलई वारा सुटला की शिडे पुन्हा लावून घ्यायची. या होडीवर विजेवर चालणारे कोणतेही सुकाणू-यंत्र नाही. आहे ती एक कप्पी, दोरी आणि औषधांच्या दुकानात मिळते तशी बोटाएवढी जाड रबरी नळी.

जुळवणी अशी. शिडाला ताणून धरणारा दोर कप्पीतून फिरवून वाऱ्याच्या बाजूने सुकाणूच्या दांड्याला बांधायचा. दांड्याच्या दुसऱ्या बाजूला रबरी नळी ताणून बांधायची. वाऱ्याचा जोर वाढला की होडीचे नाक वाऱ्याकडे वळू पाहते. त्याच क्षणी शिडावरचा ताणही वाढतो, दोर दांड्याला वाऱ्याच्या बाजूला ओढतो, सुकाणू फिरते आणि नाक पुन्हा वाटेवर येते. ताण उतरला की रबर दांड्याला परत नेते. म्हणजे होडीला वाटेवरून ढकलणारा वाराच तिला वाटेवर आणतो.

ऐकायला सोपे वाटते, पण जुळवायला वेळ लागतो. रबराची गाठ दोन बोटे मागे घ्या, पुढे घ्या. दोर दांड्याच्या टोकाला बांधायचा की थोडा अलीकडे, ते पाहा. मोठ्या शिडाचा दोर वीतभर सैल करा. आणि मग हात मांडीवर ठेवून नुसते बघत बसा. दांड्याचे टोक सतत हलत असते, इंच-दोन इंच इकडे, इंच-दोन इंच तिकडे. सुरुवातीला प्रत्येक हालचालीला हात पुढे जातो. तो आवरणे हाच पहिला धडा. होकायंत्राची सुई दहा अंश डावी-उजवीकडे झुलते, आणि तासाभराने नकाशावर जागा मांडली की वाट सरळच आलेली दिसते. माझ्या हाताने ती याहून सरळ आली नसती.

या युक्तीला यंत्राचे रूप दिले ब्रिटनच्या रॉयल मरीन्समधले माजी अधिकारी ब्लाँडी हॅसलर यांनी. १९६० साली प्लिमथ ते न्यूयॉर्क अशी अटलांटिक एकट्याने ओलांडण्याची पहिली शर्यत झाली. हॅसलर त्यात ‘जेस्टर’ या २५ फुटी होडीतून उतरले आणि ४८ दिवसांत दुसरे आले. त्यांच्या होडीच्या मागे वाऱ्याची दिशा ओळखणारे एक पाते होते. होडी वाटेवरून ढळली की पाते कलायचे. त्या इवल्या हालचालीने पाण्यातली एक फळी फिरायची, आणि वाहत्या पाण्याचा जोर घेऊन तीच मुख्य सुकाणू हलवायची. ना वीज, ना इंधन. आजही महासागरात जाणाऱ्या असंख्य छोट्या होड्यांच्या मागे याच तत्त्वावरचे पवनसुकाणू दिसते.

पण यंत्र मोडते, आणि होडीचा खरा स्वभाव तेव्हा कळतो. ‘सुहैली’ ही ३२ फुटी होडी आपल्या मुंबईत बांधली गेली, सागवानी लाकडात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी तिच्यातून इंग्लंडमधल्या फालमथहून निघाले आणि कुठेही न थांबता, ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतले. एकट्याने, विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. त्यांचे पवनसुकाणू ऑस्ट्रेलियाच्या आसपासच निकामी झाले होते. पुढचा सगळा पॅसिफिक, केप हॉर्न आणि अटलांटिक त्यांनी पार केला तो शिडांचा तोल साधून. मुंबईच्या सुतारांच्या हातची ती होडी शिडे नीट लावली की आपली आपण वाट धरायची. आपल्या शहराच्या इतिहासात या गोष्टीला आहे त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

यापेक्षा कितीतरी लहान होड्यांनी महासागर ओलांडले आहेत. जपानचे केनिची होरी १९६२ साली, तेविसाव्या वर्षी, प्लायवूडच्या १९ फुटी ‘मर्मेड’मधून जपानहून निघाले आणि पॅसिफिक ओलांडून ९४ दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. २०२२ साली त्यांनी तोच महासागर उलट दिशेने, तेवढ्याच लांबीच्या होडीतून, ६९ दिवसांत पार केला. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते.

एवढ्या लहान होडीत काय न्यायचे याचा हिशेब निर्दय असतो. पिण्या-शिजवण्याला रोज तीन लिटर पाणी धरले तरी ७० दिवसांचे २१० लिटर, म्हणजे २१० किलो. होरींच्या २०२२ च्या होडीचे वजन होते ९९० किलो. म्हणजे हाताने चालणारे गोडे पाणी करण्याचे यंत्र घ्या, पावसाचे पाणी शिडावरून धरा, नाहीतर होडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढे पाणी वाहा. वेगाचेही तसेच. पाण्यात बसणारी लांबी १६ फूट असेल, तर होडी साधारण साडेपाच नॉटच्या वर जात नाही, वारा कितीही असो. लहान होडीचे सुख एकच, पण ते फार मोठे आहे. तिचे शीड, तिचा नांगर, तिचा प्रत्येक दोर एका माणसाच्या हातच्या ताकदीत बसतो.

झोपेला मात्र तोड नाही. होडीत उभ्या माणसाची नजर पाण्यापासून सुमारे दोन मीटर उंच असते, आणि त्या उंचीवरून क्षितिज जेमतेम तीन सागरी मैलांवर असते. मालवाहू जहाजाचा उंच माथा त्याआधी दिसतो, स्वच्छ हवेत दहा-बारा मैलांवरून. ते जहाज २० नॉटने येत असेल, तर दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत अर्धा तास, फार तर थोडा जास्त. म्हणून एकटे खलाशी वीस मिनिटांचा गजर लावतात. उठायचे, चारी दिशांना सावकाश नजर फिरवायची, होकायंत्र बघायचे, पुन्हा पडायचे. आता जहाजांची चाहूल देणारी यंत्रे मिळतात आणि भर महासागरात सलग दोन-तीन तासही झोपता येते. आमच्या कोकण किनाऱ्यावर ती सोय नाही. इथे पावलोपावली जाळ्यांचे बोये आणि मासेमारीच्या होड्या. म्हणून मी किनाऱ्याच्या फेरीत बंदरात शिरून, नांगर टाकूनच झोपते.

झोप मोडली की डोके फिरते. १९६५ साली रॉबर्ट मॅनरी या अमेरिकी पत्रकाराने ‘टिंकरबेल’ या साडेतेरा फुटी होडीतून अटलांटिक ओलांडला, ७८ दिवसांत. जागे राहण्यासाठी घेतलेल्या गोळ्या आणि तुटलेली झोप यांनी त्याला भास होऊ लागले. नसलेली माणसे होडीत दिसू लागली. लाटांनी त्याला एकाहून अधिक वेळा समुद्रात फेकले, आणि दर वेळी कमरेला बांधलेल्या दोराने त्याला परत आणले.

या कामातला सगळ्यात कठोर पेच इथेच आहे. तुमच्यावाचून चालणारी होडी तुम्ही पडलात तरी चालतच राहते. पाच नॉट म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. वीस सेकंदांत ती पन्नास मीटर पुढे गेलेली असते, आणि ते अंतर पोहून कोणी भरून काढू शकत नाही. एरिक ताबार्ली हे फ्रान्सचे सर्वांत नावाजलेले दर्यावर्दी. एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची शर्यत त्यांनी दोनदा जिंकली होती. १९९८ च्या जूनमध्ये आयरिश समुद्रात रात्री ते होडीवरून पडले. होडीवर सोबती होते, तरी ते वाचू शकले नाहीत. त्यांच्या अंगावर सुरक्षापट्टा नव्हता.

म्हणून डोलकाठीपर्यंतच्या चार पावलांचाही क्रम ठरलेला आहे. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत डेकवर दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या ताणलेल्या असतात. केबिनमधून बाहेर यायच्या आधीच आपल्या पट्ट्याचा आकडा त्यात अडकवायचा. मग गुडघ्यांवर, वाऱ्याच्या बाजूने पुढे. डोलकाठीला दुसरा आकडा अडकवला की मगच पहिला सोडायचा. बसूनच शीड उचलणारा दोर सैल करायचा, शीड हातभर खाली घ्यायचे, पुढची कडी आकड्यात अडकवायची, दोर पुन्हा ताणायचा, मागच्या टोकाचा दोर आवळायचा. पहिला आकडा पुन्हा पट्टीत अडकवून आले तसेच परत जायचे, आणि तो आत शिरल्यावरच काढायचा. पट्टा इतका आखूड हवा की होडीच्या काठापलीकडे अंग जाऊच नये. आणि रात्री हे करावे लागू नये म्हणून वारा बरा असला तरी संध्याकाळच्या उजेडातच शीड कमी करून घ्यायचे. थोडा वेग जातो, त्या बदल्यात झोप मिळते.

अभिलाष टॉमी यांची गोष्ट भारतीय वाचकाला ठाऊक आहे. एकट्याने, विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, गोव्यात बांधलेल्या त्यांच्या ‘थुरिया’ या होडीची डोलकाठी २०१८ साली दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात मोडली, त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवले. तीच शर्यत २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली. त्या फेरीत पवनसुकाणू मोडले, तेव्हा होडीतल्या शौचालयाचे दार कापून त्यांनी त्याचे भाग बनवले. पाठीचे दुखणे सोसून पुन्हा समुद्रावर जाणे मोठेच. पण त्यांना घरी आणले ते करवत आणि कानस चालवणाऱ्या हातांनी, आणि कोणत्या वस्तूवाचून होडीचे अडते हे ओळखणाऱ्या नजरेने.

आज गोवा-मुंबईत शिडाची होडी शिकणारी मुले वाढत आहेत, आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या दिलीप दोंदे, अभिलाष टॉमी यांच्या वाटेने जाण्याचे स्वप्न त्यांतली काही जण बघतात. त्यांना आणि त्यांच्या पालकांना एवढेच सांगणे आहे. किती वारा सोसलास, किती वेगाने गेलास, हे विचारू नका. सुकाणू सोडून तासभर होडी वाटेवर ठेवता येते का, एकट्याने बसून शीड कमी करता येते का, आणि कोणी बघत नसतानाही पट्टा अडकवतोस का, हे तीन प्रश्न विचारा. तिन्हींचे उत्तर ‘हो’ येईपर्यंत किनारा दिसेनासा होईल इतक्या लांब जायचे नाही.